गिरिजाआजीचा शब्द

माझी आजी, गिरिजाबाई, शिव्या द्यायची. हे आधीच सांगून टाकते, कारण आता गावात तिच्याबद्दल कुणी बोललं की फार सोवळं बोलतात, आणि मला वाटतं हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. हसनाबादेत ती लहानमोठ्या सगळ्यांना 'मुडद्या' म्हणायची. पोरं आंघोळीच्या वेळी पळाली की मुडद्या. सरपंच ग्रामपंचायतीच्या ओट्यावर डुलकी घेताना दिसला की मुडद्या. बायकांना 'मुडदे'. रागाचा सूर वेगळा आणि लाडाचा वेगळा, पण तो ओळखायला गावात जन्म काढावा लागायचा. एकदा नवीन आलेल्या ग्रामसेवकाला तिनं "जेवला का रे मुडद्या?" असं विचारलं, तर तो बिचारा दोन दिवस आमच्या गल्लीतून गेला नाही.

आजोबा लवकर गेले. एकच मुलगा, बद्रीनाथ, म्हणजे माझे अण्णा. तिनं शेत सांभाळलं, अण्णांना वाढवलं, आणि उरलेला वेळ लोकांना दिला. तिचं काम म्हटलं तर एकच होतं, सोबत जायचं. "दवाखान्यात, कचेरीत आन् लेकीच्या सासरी एकट्यानं जायचं न्हाई," असं ती म्हणायची. कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाचा सातबारा अडकला, कुणाच्या लेकीला घराबाहेर काढलं, की लोक आमच्या दारात येऊन उभे राहायचे. आजी डोक्यावरचा पदर नीट करायची, फडक्यात भाकरी बांधायची आणि एसटीला हात करायची.

मी चौथी-पाचवीत असताना गावातला हापसा बंद पडला. भोकरदनच्या ऑफिसात पुरुष मंडळी जाऊन जाऊन थकली. मग आजी गेली, मला घेऊन. साहेबाच्या खोलीत भिंतीला टेकून खाली बसली, भाकरी सोडली आणि अर्धी भाकरी ठेच्यासकट त्या साहेबापुढं केली. "खाय, मुडद्या. तुह्या मायनं सांगितलं न्हाई का, तहानेल्याला पानी द्यावं म्हनून?" साहेब हसला, आणि त्याच आठवड्यात माणसं आली.

शेजारच्या रहिमाबीची आणि तिची जन्माची मैत्री. दोघी मिळून उन्हाळ्यात कुरडया घालायच्या आणि दिवसभर भांडायच्या. रहिमाबीचा पोरगा चांदपाशा बैलगाडीवरून पडला तेव्हा आजी तिच्यासोबत जालन्याच्या दवाखान्यात राहिली, तिथल्या फरशीवर झोपली. परत आल्यावर रहिमाबी सगळ्यांना सांगायची, "गिरिजा के मुँह को डरके हड्डी जल्दी जुड़ी."

अण्णा मात्र आजीच्या अगदी उलट होते. साधे, हळू बोलणारे. बाजारात कुणी वजनात मारलं तरी ते गप्प पिशवी उचलायचे. आजी त्यांना काही बोलायची नाही. "त्याला मी पुरते," एवढंच म्हणायची.

आमच्या गल्लीच्या टोकाला सोनूबाई राहायची. नवरा गेलेला, लोकांच्या रानात खुरपायला जायची. तिची एकुलती एक लेक कुशावर्ता माझ्या वर्गात होती. सगळे तिला कुशी म्हणायचे. कुशीचं लग्न आजीनंच जमवलं. स्थळ अंबडकडचं, अंकुशनगरचं. मुलगा, मच्छिंद्र, हंगामात साखर कारखान्यात कामाला, बाप सर्जेराव थोडा ऊसवाला, घर पक्कं. आजी स्वतः जाऊन घर बघून आली, चूल बघून आली, सासूशी बोलून आली. पाठवणीच्या वेळी सोनूबाई रडत होती, तेव्हा आजी सर्जेरावांपुढं उभी राहिली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरीला बाप न्हाई म्हनून कुनी न्हाई, असं समजू नका. मी हाये. काही कमीजास्त झालं तर मी येऊन उभी ऱ्हाईन."

सर्जेरावांनी हसून हात जोडले. "काकू, पोरगी आता आमची झाली."

ही पंच्याण्णवची गोष्ट. दोन वर्षांनी, माघात, गावातल्या एका लग्नासाठी कुशी आली. वाळलेली दिसत होती. आईच्या घरी थोडा वेळ बसून ती सरळ आमच्याकडं आली, आजीजवळ चुलीपाशी बसली. मी पाणी घेऊन गेले तर आजी म्हणाली, "तू जाय गं, शेरडीला पाला टाक." मी गेले. बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या. कुशीचे डोळे लाल होते. दुसऱ्या दिवशी आजी तिला स्टँडवर पोहोचवायला गेली. एसटीच्या खिडकीशी उभी राहून ती कुशीला काहीतरी सांगत होती, गाडी हलेपर्यंत तिचा हात धरून. मला त्यात विशेष वाटलं नाही. सगळं गाव आजीशी असंच कानात बोलायचं, आणि आजी एकाचं दुसऱ्याला कधी सांगायची नाही.

पाडवा जवळ आला होता. आजी आणि रहिमाबी आमच्या माळवदावर कुरडया घालत होत्या. मी खालून चीक नेऊन देत होते. आजीच्या हातात सोऱ्या होता. तो फिरायचा थांबला. रहिमाबी म्हणाली, "क्या हुआ गे? थक गई क्या?" आजीनं तिच्याकडं पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ओठ एका बाजूला ओढले गेले आणि ती हळूच कलंडली, ओल्या कुरडयांवर.

जालन्याच्या दवाखान्यात बरेच दिवस काढले. डॉक्टर चांगले होते, समजावून सांगायचे. उजवी बाजू लकव्यानं गेली. मेंदूत जिथून बोलणं होतं तिथं मार बसला. "त्यांना ऐकू येतं, सगळं कळतं. फक्त शब्द सापडत नाहीत. हळूहळू येतील, किंवा नाही येणार. आपल्या हातात फार नाही."

घरी आणल्यावर एके दिवशी अण्णा तिला पेज भरवत होते. पेज गरम होती. आजीनं तोंड फिरवलं आणि स्पष्ट म्हणाली, "मुडद्या!"

अण्णांच्या हातातली वाटी सांडली. आई चुलीवरचं सोडून धावत आली. आम्ही सगळे हसत होतो आणि रडत होतो. आईनं गल्लीत गूळ वाटला. आजी बोलली, आता बाकीचंही येईल, असं सगळ्यांना वाटलं.

पण बाकीचं काहीच आलं नाही. तेवढा एकच शब्द तिच्याजवळ राहिला होता. पाणी हवं असलं की मुडद्या, पाठीला रग लागली की मुडद्या, मला जवळ बोलवायचं तरी मुडद्या. तिला स्वतःला कळायचं की हे ते नाही. ती डोळे मिटायची, जोर लावायची, कपाळाची शीर फुगायची, आणि तोंडातून पुन्हा तेच यायचं. मग डाव्या हातानं ती बाजेची कड बडवायची.

लोक यायचे. कुणी मोसंबी आणायचं, कुणी कोंबडीची अंडी. ज्यांच्यासोबत ती दवाखान्यात, कचेरीत गेली होती ते सगळे येऊन बाजेशेजारी बसायचे आणि जरा वेळानं, सवयीनं, आपली अडचण सांगायला लागायचे. आजी ऐकायची. त्यांना काहीतरी सांगायला जायची आणि अडायची. मग ते ओशाळून उठायचे. "पडा काकू, आराम करा," म्हणायचे. आई नंतर मला म्हणाली, "यायला नको म्हनावं का गं लोकायला?" पण न आले असते तर ते तिला जास्त लागलं असतं.

सोनूबाई आली की मात्र आजी वेगळीच वागायची. ती दारात दिसली की आजीचा चेहरा पेटायचा. तिचं मनगट धरायची, ओढायची, "मुडद्या, मुडद्या, मुडद्या," असं ओरडत राहायची. डोळ्यांतून पाणी. एकदा तर तिनं सोनूबाईच्या छातीवर बुक्की मारली. सोनूबाई घाबरली. बाहेर येऊन आईला म्हणाली, "काकू माह्यावर काहून चिडल्या गं? म्या काय केलं?" आणि तिनं येणं कमी केलं. लांबून विचारपूस करून जायची.

आम्ही आपापल्या परीनं प्रयत्न केले. अण्णांना वाटलं, आजीला देवदर्शन हवंय, म्हणून ते राजूरच्या गणपतीचा अंगारा घेऊन आले. आईला वाटलं, शेताची आठवण येतेय, म्हणून चांदपाशाच्या बैलगाडीत गादी टाकून तिला बांधावर नेलं. तिथं तिनं डोळे उघडूनसुद्धा पाहिलं नाही. मी पाटी-पेन्सिल आणली, पण आजीला अक्षरओळख नव्हती. तिनं माझ्या समाधानासाठी डाव्या हातानं एक रेघ ओढली आणि पेन्सिल खाली ठेवली.

उन्हाळा असा गेला. मृग सरला, पेरण्या झाल्या. त्या सुमारास एका दुपारी रहिमाबी आजीच्या केसांना तेल लावत बसली होती. सोनूबाई ओसरीवरून डोकावून गेली आणि आजीचं पुन्हा सुरू झालं. रहिमाबी तेलाचा हात तसाच धरून म्हणाली, "बद्री, ये सोनू को देखकेच कायकू करती? मला न्हाई बोलते, तुला न्हाई बोलते, तिलाच बोलते." मग ती आजीच्या समोर येऊन बसली आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारू लागली. "सोनूचं घर? सोनूचं शेत? सोनू बीमार है क्या? सोनूची पोरगी? कुशी?"

आजी एकदम थांबली. तिनं रहिमाबीचा हात धरला, स्वतःच्या गालाला लावला आणि लहान पोरीसारखी हमसून रडू लागली.

"कुशीला काय झालं?" मी विचारलं. "तिकडं तरास हाये का? मारतेत का तिला?"

आजीनं मान हलवली. हो. हो. हो.

"तू तिला आनायला जानार व्हतीस?"

तिनं डावा हात दाराकडं केला आणि तो तसाच धरून ठेवला. आई मटकन खाली बसली. आजी पडल्याचं तिकडं कुणी कळवलंच नव्हतं. माघापासून आषाढापर्यंत कुशी वाट बघत असणार, हे आम्हा सगळ्यांना एकाच वेळी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा, सोनूबाई आणि मी निघालो. रहिमाबी आजीजवळ थांबली. जालन्याला गाडी बदलली, अंबडला बदलली. वाटेत अण्णा ओठांतल्या ओठांत बोलत होते. काय बोलायचं ते ठरवत होते. एकदा मला म्हणाले, "उषा, आधी गोडीनं बोलतो. न्हाई ऐकलं तर मंग स्पष्टच सांगतो, पोरगी घिऊन चाललो म्हनून. बराबर ना?" मी म्हणाले, "बराबर." सोनूबाई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर उसाचे फड मागं पळत होते.

सर्जेराव ओट्यावरच बसले होते. आम्हाला बघून ते सावरून ताठ बसले आणि आमच्या मागं रस्त्याकडं बघू लागले. "या, या. काकू कुठंयत?"

अण्णांनी सांगितलं. "मायला लकवा मारला. पाडव्यापासून पडूनच हाये. बोलता येत न्हाई."

"अरेरे," सर्जेराव म्हणाले, "लई वाईट झालं." आणि ते भिंतीला टेकले. पाय पसरून, निवांत. 

चहा आला. कुशी कपबशा घेऊन आली, पदर कपाळापर्यंत ओढलेला. तीही आमच्या मागं, फाटकाकडं बघत होती. मच्छिंद्र येऊन बापाशेजारी बसला, अण्णांच्या पाया पडला. अण्णांनी घसा साफ केला.  अण्णा म्हणाले, "मंग, औंदा उसाची लागण कशी हाये?"

लागणीवर बोलणं झालं. पाण्यावर झालं. कारखाना कधी सुरू होणार यावर झालं. अण्णा मधेच थांबायचे, कपाळाचा घाम पुसायचे, सुरुवात करायचे, "आमचं असं म्हननं व्हतं, का..." आणि सर्जेराव दुसरंच काही विचारायचे. शेवटी अण्णांनी कसंबसं म्हटलं, "पोरीला थोडे दिवस न्यावं म्हनतो."

"न्या की," सर्जेराव म्हणाले. "तिलाच इचारा. आम्ही काय बांधून ठुलं का तिला?"

मी उठून आत गेले. कुशी चुलीपाशी उभी होती. मी तिचा हात धरला तर तिनं झटक्यानं मागं घेतला. बांगड्यांच्या वर कातडी काळीनिळी होती.

"कुशे, चल. पिशवी भर."

"आजी आता कधीच न्हाई यायची?"

मी कोनाड्यात तिची पिशवी शोधू लागले.

"पाडव्याला पिशवी भरली व्हती म्या," कुशी म्हणाली. "आजी म्हनल्ती, सनाच्या दिशी येते, सगळ्यायच्या देखत घिऊन जाते. फाटक वाजलं का म्या बघायचे. मंग सासूनं पिशवी पाह्यली." ती थांबली. "आज तुमच्यासंग आले आन् चार दिवसांनी हे लोक न्यायला आले, तर कोन बोलंल त्यायच्याशी? बद्रीकाका बोलतील का? माय बोलंल?"

"मी बोलीन."

कुशीनं माझ्याकडं पाहिलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. "तू बी पुढच्या वरसी सासरी जाशील, उषे."

मी तशीच बाहेर आले आणि सगळ्यांपुढं म्हणाले, "आम्ही कुशीला घेऊन जायला आलोय. तिला इथं मारतात." माझा आवाज इतका कापत होता की शेवटचे शब्द मलाच नीट ऐकू आले नाहीत. मच्छिंद्र उभा राहिला. सर्जेरावांनी त्याला हातानं खाली बसवलं आणि अण्णांना विचारलं, "ही तुमची पोरगी का? शिकती वाटतं." मग दाराकडं वळून, "कुशावर्ता, जायचंय का गं?"

कुशी दारात आली. खाली बघून म्हणाली, "न्हाई."

निघताना सोनूबाईनं लेकीला कुरवाळलं. मी शेजारीच होते. तिनं लेकीच्या कानात एवढंच म्हटलं, "संभाळून ऱ्हाय माय, उलटून बोलत नको जाऊ." परतीच्या गाडीत अण्णा दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते.

रहिमाबीनं आजीची बाज ओसरीवर घेतली होती आणि तिला उशा लावून बसवलं होतं. आम्ही गल्लीत वळलो तेव्हा आजीनं मान उंच केली. तिनं अण्णांच्या मागं पाहिलं. सोनूबाईच्या मागं पाहिलं. माझ्या मागं पाहिलं. आम्ही ओसरीवर चढलो तरी ती रस्त्याच्या वळणाकडं बघत होती, कुणीतरी मागं राहिलं असेल म्हणून.

अण्णा तिच्या पायाशी बसले. "माय, कुशी मजेत हाये. दिवाळीला येते म्हनली. जावाई चांगले बोलले. तू बिलकुल काळजी करू नको." बोलता बोलता त्यांनी बाजेच्या कडेवर डोकं टेकलं.

मला वाटलं, आता ती बाज बडवणार, ओरडणार. आजीनं डावा हात उचलला, अण्णांच्या डोक्यावर ठेवला आणि ती त्यांना थोपटत राहिली. "मुडद्या," ती हळूच म्हणाली. माझा धाकटा भाऊ तान्हा असताना त्याला झोपवायला ती जो सूर लावायची, तो सूर. सोनूबाई तोंडाला पदर लावून निघून गेली. रहिमाबी उठली, तांब्या भरून आणते म्हणाली आणि बराच वेळ आलीच नाही.

त्यानंतर आजीनं कुणाला काही सांगायचा प्रयत्न केला नाही. भरवलं तर खायची, वळवलं तर वळायची. पोळ्याच्या आधी ती गेली. सकाळी आई तोंड धुवायला पाणी घेऊन गेली तर अंग गार होतं.

आसपासच्या गावांतून माणसं आली. गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. कुणी सांगत होतं, माझ्या पोराला तिनं वाचवलं, कुणी सांगत होतं, माझं जमिनीचं काम तिनं केलं. तो हापशाचा साहेब, आता निवृत्त झालेला, तोही आला आणि कोपऱ्यात उभा राहून रडला. एवढी माणसं, आणि तिला जे एक काम उरलं होतं ते यातल्या कुणाच्यानं झालं नव्हतं. मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. चांगलीच माणसं होती सगळी.

तेराव्याला कुशी आली, मच्छिंद्रबरोबर. तिला दिवस गेले होते. स्वयंपाकघरात ती माझ्याजवळ बसली, वाटाण्याच्या शेंगा सोलाव्यात तसं बोटांनी पदर सोलत. "मला वाटलं, आजी इसरली," ती म्हणाली.

"न्हाई गं इसरली." मी तिला सगळं सांगितलं. तिची माय दिसली की आजी कशी करायची, रहिमाबीनं नाव घेतल्यावर कशी रडली, हात दाराकडं कसा धरून बसली. कुशी ऐकत होती. सांगावं की नाही, हे मला अजूनही कळलेलं नाही. ऐकून तिला बरं वाटलं की वाईट, तेही कळलं नाही. ती खूप रडली. मग बाहेरून मच्छिंद्रची हाक आली, "चला, गाडी जाईल," आणि ती तोंड धुऊन उठली.

पुढं माझं लग्न झालं, जालन्यात, मस्तगडला. दोन खोल्यांचं घर, खाली नवऱ्याचं दुकान. बऱ्याच वर्षांनी कुशी आमच्याकडं आली होती. मुलीला डोळे दाखवायला आणलं होतं. मुलगी तिसरीत, चुणचुणीत. दवाखान्यात मी सोबत गेले, नंबर लावला, चष्म्याचं पाहिलं. रात्री जेवणं झाल्यावर भांडी घासताना मी विचारलं, "मारतो का अजून?"

"आता कमी," कुशी म्हणाली. "वय झालं त्याचं." आणि स्वतःच हसली. मच्छिंद्र चाळिशीचाही नव्हता.

"राहा इथं," मी म्हणाले. "थोडे दिवस तरी."

तिनं भांडं विसळता विसळता आमच्या त्या दोन खोल्यांकडं एकदा पाहिलं. माझा नवरा पुढच्या खोलीत झोपला होता. मग तिनं पुढचं भांडं उचललं, आणि मी परत म्हणाले नाही.

सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. चहा पिताना मुलीनं नवा चष्मा नाकावर वर सरकवत विचारलं, "मावशी, तू आमच्या घरी कधी येशील?"

"येईल गं," कुशीच म्हणाली. "मावशीला कामं असतेत."

अंबडची गाडी लागली. गर्दी होती. कुशीला बसायला जागा मिळाली नाही, एका म्हातारीनं मुलीला मांडीवर घेतलं. गाडी वळून फाटकाबाहेर गेली. मी घरी आले, नवऱ्याचा डबा राहिला होता, तो भरला.